सरळ वाण

बाभुळगावात रोहिण्या सरल्या की कृषी केंद्रांसमोर सकाळपासून गर्दी होते. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट हातात घेऊन माणसं आधी वाणाचं नाव बघतात, मग किंमत. आमच्या आजोबांच्या वेळी हे काम घरातच उरकायचं. घरच्याच कापसाची सरकी बाजूला काढून ठेवलेली असायची. तिच्यावरचे तंतू बसावेत म्हणून ती शेणामातीत चोळायची, उन्हात टाकायची आणि पाऊस पडला की पेरायची. शेजाऱ्याला कमी पडली तर पायलीभर त्यालाही द्यायची. आता सगळं संकरित. पीक जोमदार येतं, पण त्याची सरकी पुढल्या वर्षी पेरली तर तसंच झाड येईल याचा भरवसा नाही, म्हणून दरसाल नवं पाकीट. ज्याचं बी घरी धरता येतं त्या वाणाला आपल्याकडे 'सरळ वाण' म्हणतात.

ही पुस्तिका घरच्या संगणकावर लिनक्स कसं चालवायचं याबद्दल आहे. सुरुवात सरकीपासून केली, कारण लिनक्स म्हणजे काय हे मला ज्या दिवशी नीट उमगलं, त्या दिवशी मी ते स्वतःला याच शब्दांत सांगितलं: संगणकाचं सरळ वाण. बी ठेवता येतं, शेजाऱ्याला देता येतं, आणि ज्याच्या अंगात तेवढी विद्या आहे त्याला आपल्या जमिनीला मानवेल असं सुधारूनही घेता येतं.

आपल्याकडे 'ऑपरेटिंग सिस्टिम' हा शब्द फार कमी लोक वापरतात. 'विंडोज टाकून दे' किंवा 'फॉरमॅट मारून दे' असं म्हणतात. संगणक सुरू केल्यावर पडदा, कळफलक, डिस्क, प्रिंटर यांना कामाला लावणारी आणि त्यांच्यात भांडणं होऊ न देणारी जी मूळ व्यवस्था असते, ती म्हणजे ही सिस्टिम. ती विकत घ्यायची वस्तू आहे, हेच गावात कित्येकांना ठाऊक नव्हतं. एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावी आले, मुलं संगणक शिकली, घरी संगणक आले. त्यावर कोणीतरी नकलेच्या सीडीवरून विंडोज टाकून दिलं, कोणी काही विचारलं नाही. मला हे तेव्हाही खटकायचं. ज्या मुलाला आपण पहिल्यांदा यंत्रासमोर बसवतो, त्याच्या हातात चोरीची वस्तू का द्यावी?

आता प्रश्न वेगळ्या बाजूनं उभा राहिला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाचं सुरक्षेचं साधन संगणकात लागतं आणि ठरावीक नव्या पिढ्यांचे प्रोसेसर लागतात. आपल्या घरांतल्या दहा-बारा वर्षं जुन्या संगणकांत ते नाही. यंत्र धडधाकट आहे, पण त्याच्यासाठीचं पाकीट बाजारात येणं बंद झालं. असे संगणक मी घरोघरी पाहतो. टीव्हीशेजारी, वर विणलेला रुमाल, त्यावर गणपती. ही पुस्तिका त्या रुमालाखालच्या संगणकांसाठी लिहिली आहे.

आमच्या शेजारच्या काकांकडे असाच एक होता. लिनक्सला पैसे लागत नाहीत असं मी सांगितल्यावर त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काहून गा, फुकट हाय म्हंतेस, तं मंग यात खोट कुठी हाय?"

प्रश्न रास्त होता. फुकट मिळालेल्या वस्तूचा हिशेब शेवटी कोणीतरी वसूल करतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्यांना दिलेलं उत्तर जरा लांबलं, ते इथं सांगतो.

युनिक्स ही सिस्टिम १९६९मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. बेल लॅब्ज एटीअँडटी या टेलिफोन कंपनीची होती आणि १९५६च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे त्या कंपनीला टेलिफोनच्या धंद्याबाहेर हातपाय पसरायची मुभा नव्हती. म्हणून युनिक्स विद्यापीठांना अगदी नाममात्र शुल्कात मिळालं, तेही मूळ लिखाणासकट. विद्यार्थ्यांनी ते उघडून वाचलं, दुरुस्त केलं, एकमेकांना दिलं. एक अख्खी पिढी त्यावर शिकली. १९८४मध्ये एटीअँडटीचं विभाजन झालं, बंधन सुटलं आणि युनिक्स महाग झालं. बी पाकिटबंद झालं.

त्याच सुमारास रिचर्ड स्टॉलमन हा माणूस मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीत काम करत होता. त्याच्या विभागात झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला होता आणि त्यात कागद वारंवार अडकायचा. आधीच्या प्रिंटरला त्यानं एक सोय केली होती: कागद अडकला की ज्यांची छपाई चालू आहे त्यांना संगणकावर सूचना जायची. नव्या प्रिंटरला तेच करायचं तर त्याचा मूळ प्रोग्रॅम हवा. तो ज्याच्याकडे होता त्या संशोधकानं, कोणाला न देण्याचा करार केलाय, म्हणून नकार दिला. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. मोटार बिघडली, दुरुस्त करायची अक्कल आहे, पाना हातात आहे, पण झाकण उघडायला परवानगी नाही. स्टॉलमननं १९८३मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला: युनिक्ससारखीच, पण कोणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी सिस्टिम. १९८९मध्ये त्यासाठीचा परवाना आला, जीपीएल. त्यातली मुख्य अट काकांना पटकन कळली. हे बी न्या, पेरा, सुधारा, विकलंत तरी चालेल. पण ज्याला द्याल त्यालाही तुम्हाला मिळाली तेवढीच मोकळीक द्यायची. कोणी मधेच कुंपण घालायचं नाही.

घरच्या संगणकावर युनिक्ससारखं काही हवं, ही ओढ तेव्हा अनेकांना होती. कोहेरंट नावाची एक सिस्टिम १९९०च्या सुमारास शंभर डॉलरच्या आत मिळायची. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७मध्ये मिनिक्स लिहिलं, ते त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या जोडीनं शिकण्यासाठी होतं. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१च्या जानेवारीत ३८६ जातीचा संगणक घेतला, त्यावर मिनिक्स चालवलं आणि ते अपुरं वाटलं म्हणून स्वतःचं लिहायला घेतलं. २५ ऑगस्ट १९९१ला त्यानं ते इतरांना कळवलं, हौस म्हणून करतोय, फार मोठं काही होणार नाही, अशा अर्थाच्या शब्दांत. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. १९९२मध्ये त्यानं आपलं काम जीपीएलखाली ठेवलं आणि ग्नूची अवजारं व टोरवाल्ड्सचा लिनक्स हा गाभा मिळून पूर्ण सिस्टिम उभी राहिली. खोट कुठं आहे, याचं उत्तर हेच: हिशेब वसूल होतो, पण तो मागणी करून नाही. ज्या कंपन्यांचा धंदा यावर चालतो त्या आपल्या माणसांना पगार देऊन यात काम करायला लावतात, कारण एकट्यानं सगळं लिहिण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. नोव्हेंबर २००७मध्ये जगात चौथा ठरलेला पुण्याचा 'एका' महासंगणक लिनक्सवर चालायचा. काकांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच. हे ऐकल्यावर त्यांनी फोन काढून उलटा-सुलटा करून पाहिला.

मराठी माणसाच्या घरात हे सगळं आलं ते मासिकाबरोबर. १९९६मध्ये 'पीसी क्वेस्ट' या मासिकानं लिनक्सची सीडी वाचकांना दिली आणि पुढं वर्षानुवर्षं देत राहिलं. त्यामागं अतुल चिटणीस यांचा मोठा वाटा होता. ते बेळगावला अभियांत्रिकी शिकले, पुढं बंगळुरूत स्थायिक झाले आणि २०१३मध्ये गेले. ज्या काळात इंटरनेटवरून एवढी मोठी वस्तू उतरवून घेणं घरगुती टेलिफोन लाइनवर अशक्यच होतं, त्या काळात मासिकाच्या किमतीत अख्खी सिस्टिम घरपोच येत होती. त्या सीडी हातोहात फिरल्या, आणि त्या फिरवण्यात काही गैर नव्हतं.

माझ्याकडे लिनक्स टिकलं ते भारनियमनाच्या काळात. २००५नंतरची काही वर्षं ज्यांनी विदर्भातल्या खेड्यांत काढली त्यांना वेगळं सांगायला नको. वीज सांगून जायची तशी न सांगताही जायची, यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात पाच मिनिटांत मान टाकायची आणि संगणक लिहिता लिहिता बंद पडायचा. डिस्कवर अर्धवट लिहिलेलं राहिलं की पुढल्या वेळी काय उघडेल याची धास्ती. लिनक्समध्ये ईएक्सटी-३ नावाची फाइल ठेवण्याची पद्धत २००१पासून आली होती, तिचं मर्म मला आमच्या गावातल्या अडत्याच्या दुकानात कळलं. अडत्या मालाचा प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो आणि मग फुरसतीनं खतावणीत चढवतो. खतावणी लिहिताना कोणी हाक मारून उठवलं तरी बिघडत नाही, रोजकीर्द उघडली की कुठवर आलो होतो ते कळतं. ईएक्सटी-३ हेच करतं. काय बदल करायचाय याची नोंद आधी एका राखीव जागेत, मग प्रत्यक्ष बदल. वीज आल्यावर संगणक ती रोजकीर्द चाळतो, पूर्ण झालेल्या नोंदी खतावणीत चढवतो आणि अर्ध्या राहिलेल्या सोडून देतो. जे सेव्हच केलं नव्हतं ते जातं, पण डिस्कचा सांगाडा शाबूत राहतो. आज तिची पुढची आवृत्ती, ईएक्सटी-४, बहुतेक लिनक्समध्ये न सांगता मिळते.

आता मराठीबद्दल, आणि इथं मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

आमच्या भागात संगणकावर सर्वांत जास्त वेळा लिहिला जाणारा शब्द कोणता असेल, तर माझ्या अंदाजानं 'शेतकऱ्यांचा'. अर्ज, निवेदनं, बातम्या, बँकेची पत्रं, सगळीकडे तो आहे. या शब्दातला 'ऱ्या' हिंदीत नाही. देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून केलेल्या फाँटांत तो 'शेतकर्यांचा' असा रफाराचा होऊन बसायचा. वाचणाऱ्याला अर्थ कळायचा, पण ज्याच्यावर लिहायचं त्याचंच नाव चुकीचं छापलं जायचं. युनिकोडमध्ये याची जागा ठरलेली आहे: 'र'चं एक वेगळं रूप, 'ऱ', त्याला हलन्त आणि पुढं 'य'. इनस्क्रिप्ट कळफलकावर, जो केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६मध्ये प्रमाणित केला, शिफ्ट दाबून इंग्रजी 'जे'च्या कळीवर 'ऱ', 'डी'वर हलन्त, तिरप्या रेघेच्या कळीवर 'य' आणि 'ई'वर काना. चार ठोके, की 'ऱ्या'. हा कळफलक लिनक्समध्ये आधीपासून असतो. सेटिंगमध्ये मराठी निवडायचं, वेगळं काही विकत आणायचं नाही. उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, डाव्या हाताला स्वर, म्हणजे 'काका', 'दादा' लिहिताना हात आळीपाळीनं पडतात. चौथीतल्या माझ्या पुतणीला पंधरा दिवसांत तो बोटांवर बसला.

अक्षरं दिसायला फाँट लागतो, आणि तो कोणीतरी काढलेला असतो. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात बसून देवनागरीचे फाँट केले. विंडोजसोबत येणारा 'मंगल' त्यांचा, आणि जीपीएलखाली सोडलेला 'रघु'ही त्यांचाच. २०००च्या सुमारास सुरू झालेल्या इंडलिनक्स प्रकल्पानं भारतीय भाषांतला पडदा उभा करायला घेतला, तेव्हा असे मोकळे फाँट हातात असणं फार मोलाचं होतं. पुढं रेड हॅट या कंपनीनं 'लोहित' फाँट मुक्त केले, पुण्यातल्या त्यांच्या कचेरीत भारतीय भाषांचं बरंच काम झालं, आणि पडद्यावरची शेकडो वाक्यं मराठीत आणणारी मंडळी नोकरी सांभाळून रात्री बसली. 'फाइल जतन करा' हे तीन शब्द पडद्यावर दिसतात तेव्हा त्यांच्यामागं असं कोणीतरी जागलेलं असतं. काही भाषांतरं अवघड आहेत, काही संस्कृतात बुडाली आहेत. ती बदलायचा हक्कही आपल्यालाच आहे, आणि पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात तो कसा बजावायचा ते दिलं आहे.

सरकारी बाजूनं सी-डॅकनं २००७मध्ये 'बॉस' ही भारतीय लिनक्स आवृत्ती आणली. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना लिनक्सवर चालणारे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले होते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. ज्यांना वाचण्यापेक्षा पाहून शिकणं सोपं जातं त्यांनी ते जरूर पाहावेत.

अडचणी लपवायच्या नाहीत. डीटीपीचं काम जुन्या मराठी फाँटांत करणाऱ्यांना लिनक्स अजून पुरत नाही. श्रीलिपीत केलेली जुनी फाइल इथं उघडली तर इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसतो. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदारानं आपला विंडोजचा संगणक ठेवावा. डिजिटल सहीचं टोकन काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी दोन दिवस खातं. प्रिंटर घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का ते पाहून घ्यावं, कारण एकाच कंपनीचा एक चालतो आणि दुसरा रुसतो. सातबारा काढणं, अर्ज भरणं, मुलांचा अभ्यास, पत्रं, शेतीचा जमाखर्च, फोटो, गाणी, यूट्यूब, एवढं घरात लागत असेल तर काही अडत नाही. आमच्या घरी सोयाबीन आणि तुरीचा हिशेब लिबरऑफिसच्या तक्त्यात आहे. एकरी खर्च किती आणि हातात किती राहिलं, हे त्यात पहिल्यांदा एका नजरेत दिसलं. आकडा पाहून आनंद झाला असं नाही, पण तो दिसायला हवा होता.

पुस्तिकेत मी एकच आवृत्ती धरून चाललो आहे, लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी जात. दोन जीबी रॅमवर ती कशीबशी चालते, चारवर मोकळी चालते. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली तर तोच संगणक ओळखू येत नाही, आणि खर्च करायचाच तर तो तिथं करावा. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांचीही वाखाणणी मी करू शकतो, पण नवशिक्याला दहा वाणांची नावं सांगितली की तो दुकानातूनच परत फिरतो. फार जुन्या ३२-बिट यंत्रांसाठी वेगळं प्रकरण आहे. ते लहान आहे, कारण त्यांचे पर्याय आता झपाट्यानं कमी होत आहेत.

डिस्कला हात न लावता लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. आठ दिवस तसं वापरावं, वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का ते बघावं, असा माझा आग्रह आहे. त्यामागं एक कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी करणं मला योग्य वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका घरी मी लिनक्स टाकायला बसलो. त्यांनी सांगितलं, "सी ड्राइव्हमध्ये काही नाही, सगळं डीमध्ये आहे." मी हो म्हटलं. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन दालनं आहेत हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. पडद्यावर 'संपूर्ण डिस्क पुसून स्थापित करा' असा पर्याय आला आणि मी बोलता बोलता तोच निवडला. चहा संपेपर्यंत काम झालं. मग त्यांच्या मुलीनं विचारलं, "दादा, लग्नाचे फोटो कुठं गेले?" फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं रात्रभर डिस्क चाळली. फाइलींची नावं सगळी गेली होती, पण हळदीचे बरेच फोटो मिळाले. मंगलाष्टकांचा एकही मिळाला नाही. त्या घरात कोणी मला एक शब्द बोललं नाही, आणि ते मला अजून जड जातं.

म्हणून या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण लिनक्सबद्दल नाही. त्यात फक्त प्रत काढणं आहे. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून विचारा, कोणाचं काय या संगणकात आहे. आजीच्या आवाजाची एखादी फीत असेल, मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेचं स्कॅन असेल, खरेदीखत असेल. त्या सगळ्याच्या दोन प्रती करा. एक पेन ड्राइव्हवर घरात ठेवा, दुसरी भावाच्या किंवा मैत्रिणीच्या घरी. दोन्ही प्रती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा, फोटो खरोखर दिसतात का. तेवढं झालं की पान उलटा.